शयनगृहाची भिंत लाल रंगवताना

गणेशोत्सव आटोपून दसरा-दिवाळीचे वेध लागले की अनेक घरांत रंगकामाची चर्चा सुरू होते. दिवाणखान्याचा प्रश्न सहसा लवकर सुटतो, कारण तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मत आधीच गृहीत धरलेले असते. शयनगृहाच्या बाबतीत मात्र कुटुंबाला केवळ स्वतःच्या आवडीनिवडीचा विचार करण्याची मुभा असते, आणि वर्षानुवर्षे मलईच्या व फिक्या पिवळ्या भिंतींमध्ये राहिलेल्या मनाला अशा वेळी एखाद्या ठसठशीत लाल रंगाची ओढ वाटू लागते. रंगाच्या दुकानातील शेड-कार्डावर तो लाल चौकोन अतिशय देखणा दिसतो. परंतु चौकोन असतो दोन इंचांचा, आणि भिंत असते बारा फूट रुंद व दहा फूट उंच. या दोहोंतील अंतर ध्यानात न घेतल्यामुळे महिन्याभरातच रंगाऱ्याला पुन्हा बोलावण्याची वेळ येते, आणि एकदा भरलेला खर्च दुसऱ्यांदा भरावा लागतो.

अशा पश्चात्तापाची एक फार जुनी नोंद उपलब्ध आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस याने आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथाच्या सातव्या खंडात फाबेरिअस नावाच्या एका लेखनिकाची हकीकत दिली आहे. रोममधील अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरचे आपले घर ऐटदार दिसावे म्हणून या गृहस्थाने उघड्या चौकाभोवतालच्या सर्व भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या. हिंगूळ हा त्या काळातील मौल्यवान रंग होता. तीस दिवसांत त्या भिंती डागाळून विद्रूप झाल्या आणि फाबेरिअसला दुसऱ्या रंगांचा नवा ठेका द्यावा लागला. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. बंद खोलीत तो टिकतो, पण ऊन व चांदणे पोहोचेल अशा उघड्या जागी काळवंडतो, असे व्हिट्रूव्हिअसने बजावले आहे. चांदण्याचा दोष किती हे सोडून देता येईल. उन्हाविषयीचे त्याचे निरीक्षण मात्र खरे ठरले आहे. रंग सुंदर होता, जागा चुकली होती.

लाल रंगाची दोन घराणी

मराठीत लाल रंगाला जितकी नावे आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या रंगाला असतील. तांबडा, शेंदरी, हिंगुळी, किरमिजी, डाळिंबी, विटकरी, कावेचा, अळित्याचा अशी ही मालिका केवळ छटांची नसून पदार्थांची आहे. शेंदूर शिशापासून होतो, हिंगूळ पाऱ्यापासून; गेरू आणि काव ही लोहयुक्त माती आहे; किरमिजी रंग वाळविलेल्या कीटकांपासून मिळत असे आणि अळिता लाखेच्या किड्यापासून. वस्त्रांसाठी मंजिष्ठेची मुळे वापरीत. मंजिष्ठाकुलातील वनस्पतींच्या मुळांतील अ‍ॅलिझरिन हे रंगद्रव्य १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत सिद्ध केले आणि तेथून कृत्रिम लाल रंगांचे युग सुरू झाले. आज दुकानात यंत्रावर मिसळून मिळणारे भडक लाल रंग बहुतांशी याच कृत्रिम सेंद्रिय रंगद्रव्यांच्या कुळातील आहेत.

भिंत रंगविणाऱ्याच्या दृष्टीने या सर्व नामावळीतून दोनच घराणी उरतात. एक मातीचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे. विटकरी, गेरूसारखा, काळसर तांबडा. दुसरे सेंद्रिय रंगद्रव्यांचे. जास्वंदीसारखा, कुंकवासारखा, डोळ्यांत भरणारा. पहिले घराणे अपारदर्शक असते. त्याचा एक-दोन हातांतच खालचा थर झाकला जातो, ऊन त्याचे फारसे काही बिघडवू शकत नाही आणि नव्या सिमेंटमधील क्षारांनाही ते दाद देत नाही. दुसरे घराणे तेजस्वी खरे, पण बरेचसे पारदर्शक. फिक्या रंगांत पांढरेपणा व झाकण्याची शक्ती टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येते. भडक लाल रंग तयार करताना हे पांढरे द्रव्य जवळजवळ वगळलेल्या बेसमध्येच रंगद्रव्य मिसळावे लागते, कारण पांढरे पडले की लालाचा गुलाबी होतो. परिणामी दोन हात दिल्यावरही ब्रशचे फटकारे, पुट्टीचे ठिगळ आणि जुन्या रंगाची सावली वर डोकावत राहते. ग्राहक रंगाऱ्याला दोष देतो, रंगारी दुकानदाराला. दोष बहुधा कोणाचाच नसतो. ती त्या रंगद्रव्याची प्रकृतीच आहे.

खर्चाचा फरक येथूनच पडतो. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली तर चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट भरते. सात बाय तीनचे एक दार आणि पाच बाय चारची एक खिडकी वजा केली की सुमारे ४०० चौरस फूट उरतात. गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीवर एका लिटर इमल्शनमध्ये एका हाताचे साधारण १२० चौरस फूट काम होते असे धरल्यास, फिक्या रंगाच्या दोन हातांना संपूर्ण खोलीसाठी सात लिटरांपेक्षा थोडा कमी रंग पुरतो. भडक लालाला चार हात द्यावे लागले तर तेरा लिटरांहून अधिक लागतो, आणि रंगद्रव्याचे प्रमाण जास्त असल्यामुळे त्या रंगाची प्रति लिटर किंमतही अधिक असते. याउलट १२० चौरस फुटांची एकच भिंत निवडली तर भडक लालाचे चार हात चार लिटरांत होतात. गेरूच्या कुळातील तांबडा असेल तर दोन ते तीन लिटर पुरतात. मजुरीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. रंगारी चौरस फुटाचा दर सांगतो तेव्हा तो बहुतेक वेळा दोन हातांचा असतो. तिसऱ्या व चौथ्या हाताच्या वेळी वाद उद्भवतो. अंदाजपत्रकात हातांची संख्या, प्रायमर व पुट्टीचा उल्लेख आणि रंगाचा क्रमांक लेखी घेतला तर हा वाद टळतो. घराचा करारनामा शब्दन् शब्द वाचून घेणारी माणसे रंगकामाचा व्यवहार मात्र तोंडी करतात, हे नवल आहे.

पैशांची तजवीज कशी करावी, याबाबत दोन शब्द. रंगकाम हा दर पाच-सहा वर्षांनी हमखास येणारा खर्च आहे, आणि जो खर्च येणार हे ठाऊक आहे त्यासाठी लहानशी आवर्ती ठेव हाच सोयीचा मार्ग होय. क्रेडिट कार्डावर रक्कम टाकून ती पुढे ढकलत राहिल्यास अनेक कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज बसते. गृहकर्जावर वाढीव कर्ज घेऊन रंग काढण्यात व्याजदर कमी असला तरी सहा वर्षे टिकणाऱ्या रंगासाठी पंधरा वर्षे हप्ता भरणे शहाणपणाचे नाही. घराची डागडुजी, गळती, वायरिंग यांसह मोठे काम निघाले असेल तर गोष्ट वेगळी.

विवाहघराच्या भिंती

शयनगृहात लाल रंग ही आधुनिक सजावटकारांची कल्पना आहे असे समजण्याचे कारण नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई व आसपासच्या घरांतील लाल भिंती सर्वश्रुत आहेत. त्यांपैकी काही भिंती मुळात पिवळ्या होत्या आणि ज्वालामुखीच्या उष्णतेने त्या पिवळ्या मातीचा लाल गेरू झाला, असे अलीकडील संशोधनातून पुढे आले आहे. परंतु त्याहून जवळची आणि अधिक शिकण्यासारखी उदाहरणे भारतातच आहेत, आणि त्यांतील दोन तर थेट विवाहाशी निगडित आहेत.

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली समाजात लग्नाच्या वेळी घरातील भिंतीवर लग्नचौक लिहिला जातो. कारवीच्या काठ्यांची कुडाची भिंत शेणमातीने लिंपून तिच्यावर गेरूचा हात दिला जातो आणि त्या तांबड्या पृष्ठभागावर सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक रेखाटतात. पाहणाऱ्याच्या मनात राहतो तो पांढरा रंग. तांबडा केवळ त्याला आधार देतो. वारली चित्रे पुढे कागदावर व कापडावर आली, जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ही कला जगभर पोहोचली. पण तिचा मूळ तांबडा रंग मातीचाच होता आणि तो घराच्या अंधाऱ्या आतील भागातच होता, ही बाब सहसा विसरली जाते.

दुसरे उदाहरण बिहारमधील मिथिलेचे. तेथे नवदांपत्याच्या खोलीला कोहबर घर म्हणतात. विवाहानंतरच्या पहिल्या रात्री वधू-वरांनी त्या खोलीत घालवायच्या, म्हणून घरातील स्त्रिया भिंतींवर कमळ, बांबू, मासे, कासव, पोपट अशा समृद्धीच्या व संततीच्या प्रतीकांची चित्रे काढतात. १९३४ च्या भूकंपात मिथिलेतील घरांच्या भिंती कोसळल्या तेव्हा आतील ही चित्रे ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. जी. आर्चर यांच्या दृष्टीस पडली आणि पुढे १९४९ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांनी त्यांवर लेख लिहिला. कोहबरमध्ये लालाचे स्थान वारलीच्या नेमके उलट आहे. येथे भिंत फिकी असते आणि लाल असते ती रेषा. गंगादेवी या थोर मैथिल चित्रकर्तीने आयुष्याच्या अखेरीस, कर्करोगावरील उपचार चालू असताना, दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात असे एक कोहबर घर चित्रित केले होते. संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते नष्ट झाले आणि २०१५ मध्ये ही बातमी प्रसिद्ध झाल्यावर कलाजगतात हळहळ व्यक्त झाली. भिंतीवरची कला भिंतीबरोबर जाते. तिला दुसरीकडे हलविता येत नाही.

यांच्या जोडीला दक्षिण कोकण, गोवा आणि कर्नाटकाचा किनारा येथील कावीकाम ठेवता येईल. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ती पद्धत. अनेक जुन्या देवळांत व घरांत ती आजही पाहावयास मिळते.

तिन्ही परंपरांत भरपूर अंतर असूनही दोन गोष्टी समान आढळतात. लालाची सोबत करायला पांढरा असतोच. आणि भिंतभर पसरलेला लाल जेथे आहे तेथे तो मातीचा आहे. कुंकवाचा भडक लाल भारतीय घरात नेहमीच होता, पण तो कपाळावर, शालूच्या काठावर, देव्हाऱ्यात, उंबरठ्यावर अशा लहान जागी होता. आजच्या फ्लॅटमध्ये भिंतीसाठी छटा निवडताना हा जुना विवेक चांगला उपयोगी पडतो. ज्यांना शेड-कार्डावरचा सर्वांत भडक लाल आवडला आहे त्यांनी त्याच पट्टीतील दोन घरे खाली, विटकरीच्या किंवा डाळिंबाच्या सालीच्या बाजूची छटा घेऊन पाहावी. भिंतीवर आल्यावर तीच मूळच्या चौकोनाइतकी लाल भासते, कारण मोठ्या पृष्ठभागावर कोणताही गडद रंग अधिक गडद वाटतो.

दिवा, डोळा आणि झोप

लाल भिंतीचे यश निम्मे रंगावर आणि निम्मे दिव्यावर अवलंबून असते. चांगला पांढरा रंग पडलेल्या प्रकाशापैकी चार पंचमांशाहून अधिक परत फेकतो; गडद लाल जेमतेम आठवा-दहावा हिस्सा. चारही भिंती लाल केल्या तर तेवढ्याच दिव्यात खोली अंधारी होते आणि एका भिंतीवरून दुसरीवर जाणारा प्रकाश प्रत्येक फेरीत अधिकच लाल होत जातो. पांढरी चादर गुलाबी दिसते, आरशातील चेहरा तापल्यासारखा वाटतो. ज्या खोलीत आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे तेथे हा मुद्दा गंभीर आहे, कारण त्वचेचा फिकटपणा, कावीळ किंवा अंगावरील पुरळ अशा प्रकाशात नीट ओळखता येत नाही.

पूर्वीच्या तारेच्या पिवळ्या बल्बखाली लाल रंग खुलत असे, कारण त्या प्रकाशात तांबडा भाग विपुल होता. आता घरोघरी एलईडी दिवे आहेत आणि भारतात शयनगृहातही ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश लावण्याची सवय आहे. त्याखाली मातीचा तांबडा तपकिरी व मलूल दिसतो. लाल भिंतीच्या खोलीसाठी २७०० ते ३००० केल्विनचा, खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ असे छापलेला दिवा घ्यावा. रंगदर्शनाच्या गुणवत्तेचा निर्देशांकही तेथे लिहिलेला असतो, परंतु तो आठ फिक्या नमुन्यांच्या सरासरीवर काढतात. गडद लालाचा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत नसतो. म्हणून निर्देशांक ८० असलेला दिवाही लाल रंगाच्या बाबतीत निराशा करू शकतो; ९० किंवा त्याहून अधिक असलेला बरा. दोन चांगल्या दिव्यांचा खर्च पुन्हा रंग काढण्यापुढे काहीच नाही.

डोळ्याची स्वतःचीही काही तऱ्हा आहे. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे टिपले की उजाडण्यापूर्वीच्या मंद प्रकाशात लाल फुले काळी वाटतात आणि निळी-हिरवी उजळ. अंधुक उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातील पेशी लाल प्रकाशाला जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत, हे त्याचे कारण. त्यामुळे दुपारी धगधगणारी भिंत रात्रीच्या लहान दिव्यात काळीशार होते. काहींना ते आश्वासक वाटते, काहींना कोंदट. कोणत्या प्रकारात आपण मोडतो हे रंग देण्याआधी कळलेले बरे. त्यासाठी दोन बाय दोन फुटांच्या प्लायवूडच्या तुकड्यावर नमुन्याचा रंग पूर्ण हातांनी देऊन तो तीन-चार दिवस पलंगाच्या डोक्याशी उभा ठेवावा. सकाळी, भर दुपारी, दिवा लागल्यावर आणि रात्री जाग आल्यावर पाहावा. पूर्वेच्या खिडकीची खोली आणि पश्चिमेची खोली यांत एकच छटा दोन निरनिराळे रंग भासते. थेट भिंतीवर नमुना लावणे सोपे, पण भोवतालच्या पांढऱ्यामुळे तो असावा त्याहून गडद दिसतो आणि नंतर त्या तुकड्याची कडा अंतिम रंगातूनही जाणवत राहते.

लाल रंगाने नाडी जलद होते, झोप उडते, घरात भांडणे वाढतात अशी विधाने सर्रास केली जातात. या विषयावरील प्रयोग बहुतांशी रंगीत प्रकाशाखाली आणि अल्पकाळ केलेले असून त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. भांडणांची कारणे तर अन्यत्र शोधलेली बरी. झोपेच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पक्की आहे आणि ती लालाच्या बाजूची आहे. दिवस-रात्रीचे शरीरातील घड्याळ जुळविणाऱ्या डोळ्यातील विशेष पेशी सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, असे २००० नंतरच्या दशकातील संशोधनाने दाखविले. लाल भिंत निळा भाग शोषून घेते. परत देते तो प्रकाश या पेशींना फारसा जागवीत नाही. अर्थात पलंगावर पडून मोबाइल पाहणाऱ्याला भिंतीच्या रंगाचा हा लाभ मिळणार नाही.

डोळ्याला थकवा येतो तो सतत लाल समोर असण्याने. लाल पृष्ठभागाकडे टक लावून नजर पांढऱ्यावर वळविली की हिरवट छाया तरळते; शस्त्रक्रियागृहातील कपडे हिरवे किंवा निळे असतात त्यामागे हेच कारण आहे. म्हणूनच पलंगाच्या डोक्यामागची भिंत लाल करावी, पायाकडची नव्हे. आत येणाऱ्याला ती पूर्ण दिसते आणि आडवे झालेल्या माणसाच्या दृष्टीसमोर मात्र फिकी भिंत राहते. समोर मोठा आरसा किंवा आरशाच्या दारांचे कपाट असेल तर ही युक्ती वाया जाते, हे आधी पाहून घ्यावे. बाकीच्या भिंती व छत किंचित पिवळसर पांढरे ठेवावे. निळसर शुभ्र पांढरा लालाशेजारी कठोर दिसतो. सागवान, शिसव, पितळ, वेत, हातमागाचा कोरा कपडा आणि गडद निळा ही सर्व लालाची चांगली मित्रमंडळी आहेत. भडक हिरवा पडदा मात्र टाळावा. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या रंगविरोधाच्या नियमानुसार हे दोन रंग परस्परांना इतके चेतवितात की त्यांच्या सीमारेषेवर नजर ठरत नाही.

जुन्या रंगाखाली काय दडले आहे

आतापर्यंत सांगितलेल्या चुका पैशाने भरून येणाऱ्या आहेत. एक चूक मात्र तशी नाही. जुन्या घरांत, विशेषतः दारे, खिडक्या, लोखंडी गज आणि काही ठिकाणी भिंतींच्या खालच्या पट्ट्यांवर तैलरंगाचे थर असतात. त्या काळातील लाल, नारिंगी व पिवळ्या तैलरंगांत शिशाच्या संयुगांचा सर्रास वापर होत असे, आणि लोखंडावरील जुना प्रायमर कित्येकदा शेंदराचाच असे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये केलेल्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. नवा रंग घेताना डब्यावरील तो उल्लेख पाहावा. परंतु त्या तारखेपूर्वीचे थर जेथल्या तेथेच आहेत, आणि रंगकामाच्या पहिल्या दिवशी रंगारी नेमके तेच कोरडे खरवडून पॉलिश पेपरने घासतो. त्यातून उडणारी बारीक धूळ गादीवर, पाळण्यात, खेळण्यांवर बसते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. गर्भवती स्त्रियांनाही ते घातक आहे.

यासाठी थर घट्ट बसलेला असेल तर तो न खरवडता त्यावरच प्रायमर द्यावा. पापुद्रे सुटलेले असतील तर पाणी मारून ओलसर घासणी करावी, खाली प्लास्टिक अंथरावे, रंगाऱ्याला योग्य मास्क द्यावा आणि काम संपेपर्यंत मुले व गर्भवती स्त्री यांची झोपण्याची व्यवस्था दुसरीकडे करावी. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. बाळाच्या आगमनासाठी शयनगृह सजविण्याची हौस सातव्या-आठव्या महिन्यात केली जाते, म्हणून ही सूचना विस्ताराने दिली आहे.

ओल हा दुसरा शत्रू. मुंबई, कोकण, गोवा, केरळ किंवा कोलकाता अशा दमट हवेच्या ठिकाणी बाहेरील भिंतीतून पाणी झिरपत असेल तर फिक्या भिंतीवर जो खार नजरेआड होतो तोच लाल भिंतीवर पांढऱ्या नकाशासारखा उमटतो. गळती आधी बंद करावी आणि एक पावसाळा भिंत कोरडी राहते हे पाहावे. नव्या गिलाव्यालाही पाणी मारून झाल्यावर पुरते वाळू द्यावे. ताज्या सिमेंटच्या क्षारांमुळे काही सेंद्रिय लाल रंग फिके पडतात. प्रायमरवर थेट लाल चढविण्याऐवजी मध्ये राखाडी किंवा विटकरी छटेचा एक हात दिल्यास भडक लालाचा एखादा हात वाचतो. अनेक दुकानांत अशी छटा प्रायमरमध्येच मिसळून देतात. सगळे डबे एकदाच मागवून एका मोठ्या बादलीत एकत्र करावेत, कारण यंत्राने मिसळलेल्या दोन डब्यांत सूक्ष्म फरक राहू शकतो आणि तो भिंतीच्या मध्यावर उघडा पडतो. अगदी चकाकीरहित गडद रंगावर हात किंवा उशी घासली तरी पांढुरका डाग पडतो. पलंगामागच्या भिंतीला थोड्या चकाकीचे, धुता येण्याजोगे इमल्शन सोयीचे.

बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांचा किंवा अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. घर सोडताना भिंत पूर्ववत करून देण्याची अट बहुतेक करारांत असते, आणि लालाचा पांढरा करायला प्रायमरसह तीन-चार हात लागतात. तो खर्च अनामत रकमेतून कापला जातो. घरमालकाची लेखी संमती नसेल तर भिंतीला हात लावू नये. बांबूच्या दांडीवर सोडलेला गुलेदगुडच्या खणाचा किंवा जाड तांबड्या खादीचा पडदा, पलंगाच्या डोक्यामागे छतापासून जमिनीपर्यंत लावला तर भिंतीचेच काम करतो, आवाजही थोडा शोषतो आणि पुढच्या गावी ट्रंकेतून सोबत येतो. फाबेरिअसची सोय नव्हती ती येथे आहे.

स्वतःच्या घरात मात्र काम पूर्ण झाल्यावर उरलेल्या रंगापैकी अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवावा आणि तिच्यावर छटेचा क्रमांक, बेसचे नाव, दुकान व तारीख लिहावी. खिळ्याचे भोक किंवा सोफा सरकवताना पडलेला ओरखडा त्याने बुजविता येतो. वर्ष-दोन वर्षे झाल्यावर मात्र तेवढाच ठिपका दिल्यास तो वेगळा दिसेल. अशा वेळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत संपूर्ण भिंतीला एक हात द्यावा लागतो, आणि मातीचा तांबडा असेल तर तो एकच पुरतो.